हिमप्रदेशातील हिवाळा व आरोग्यरक्षण

काश्मीरचे नाव काढले म्हणजे महाराष्ट्रातील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढे सरोवरातील शिकारे, चिनारांची दाट छाया आणि केशराची शेते उभी राहतात. हे सारे चित्र वसंत, ग्रीष्म व शरद या ऋतूंचे होय. परंतु वर्षातील कोणत्या काळाची तयारी सर्वांत आधी करावी लागते, असे त्या खोऱ्यातील एखाद्या गृहस्थास विचारले, तर तो डिसेंबरच्या २१ तारखेकडे बोट दाखवील. त्या दिवसापासून ‘चिल्ले कलान’, म्हणजे मोठी थंडी, सुरू होते व ती ४० दिवस टिकते. तिच्यामागून २० दिवसांची ‘चिल्ले खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांची ‘चिल्ले बच्चा’ येते. या दिवसांत नळातील पाणी गोठते, दल सरोवराच्या पृष्ठावर बर्फाची साय धरते आणि छपरांच्या कडांवरून बर्फाच्या काड्या लोंबू लागतात. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचे किमान तापमान उणे ८.४ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला, त्या थंडीची आठवण मुंबईकर पुष्कळ वर्षे काढीत असत. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात घेतले म्हणजे विषयाचे स्वरूप ध्यानात येईल.

हा विषय महाराष्ट्रास आता परका राहिलेला नाही. पुण्यामुंबईची कुटुंबे मुलाबाळांसह आणि कित्येकदा वृद्ध आईवडिलांसह भर हिवाळ्यात गुलमर्ग, मनाली येथे जातात. कित्येक घरांतील मुले-मुली कॅनडासारख्या देशांत नांदत आहेत. अशा प्रदेशात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याची स्वाभाविक समजूत अशी असते, की दारेखिडक्या घट्ट लावाव्या, भरपूर विस्तव पेटवावा, म्हणजे भय उरले नाही. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाने दरसाल माणसे मरतात. थंडी मनुष्याच्या घरात तीन वाटांनी शिरते. पहिली वाट ओलीची, दुसरी वाऱ्याची. आणि तिसरी, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती थंडी घालविण्यासाठी पेटविलेल्या विस्तवाची.

प्रथम शरीराचा विचार करू. मनुष्याचे शरीर ही एक सतत धगधगणारी भट्टी आहे. खाल्लेल्या अन्नाचे ज्वलन होऊन तिच्यात उष्णता निर्माण होते आणि आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राखले जाते. कापड स्वतः उष्णता देत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम. हे काम वस्तुतः कापडही करीत नाही, तर कापडाच्या तंतूंत व दोन कापडांच्या मध्ये अडकून पडलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक होय. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ व सैल वस्त्रे एकावर एक घालणे अधिक हितकारक असते. काश्मिरी लोकांचा ‘फेरन’ हा घोळदार, सैल झगा याच तत्त्वावर शिवलेला असतो. विज्ञानाचे पुस्तक न वाचताही अनुभवाने त्या शिंप्यांस हे गमक सापडले होते.

परंतु हवेच्या या कवचास ओल शिवली, की ते नाहीसे होते. पाणी हे हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. यास्तव अंगाला चिकटलेला सुती बनियन घामाने भिजला, तर तो वस्त्र न राहता शत्रू होतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. सुताचे तसे नाही. बर्फात खेळून आलेल्या मुलाचे मोजे व हातमोजे वरून कोरडे दिसले तरी आतून चाचपून पाहावे आणि ओले असल्यास तत्काळ बदलावे. चढ चढताना घाम येऊ लागला, तर वरचे एक वस्त्र काढावे व थांबताक्षणी पुन्हा घालावे. घट्ट जोडे घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यांनी बोटांतील रक्ताचा प्रवाह अडतो आणि जाड मोज्यांचा सारा लाभ व्यर्थ जातो.

वाऱ्याची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. वारा हवेचे तापमान कमी करीत नाही. तो अंगाभोवतालची ऊबदार हवा पळवून नेतो. पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेली नळी उघड्या वाऱ्यात टांगून तीतील पाणी गोठण्यास किती वेळ लागतो याची मापे घेतली. वाऱ्याच्या वेगाबरोबर हा काळ कसा घटतो हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. आज हवामानाच्या वृत्तात ‘तापमान इतके, परंतु भासते इतके’ असे जे सांगतात, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. यावरून घ्यावयाचा धडा सोपा आहे. सर्वांत बाहेरचे वस्त्र वारा अडविणारे असावे आणि कान, नाक, बोटे हे उघडे राहणारे अवयव झाकलेले असावेत.

भट्टीस सरपणही हवे. काश्मिरी गृहिणी उन्हाळ्यातच वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम यांच्या फोडी करून त्या दोऱ्यांत ओवून उन्हात वाळवितात. बर्फामुळे रस्ते बंद झाले तरी चूल थंड पडू नये हा त्यातील हेतू. महाराष्ट्रातील गृहिणी पावसाळ्यासाठी सांडगे-पापडांची बेगमी करते, त्यातलाच हा प्रकार. थंडीत तहान कमी लागते. परंतु कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी बरेच जाते, म्हणून गरम पेये वरचेवर घ्यावी. तहान भागविण्यासाठी बर्फ तोंडात टाकणे मात्र तोट्याचे. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे पाणी होण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. ही उष्णता शरीराच्या भांडवलातूनच खर्च होते. मद्याने ऊब येते ही समजूत तर निव्वळ फसवी होय. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्ण रक्त बाहेरच्या थंडीत येते आणि मनुष्यास ऊब वाटत असतानाच त्याचे शरीर आतून निवत जाते.

आता ही भट्टी विझू लागल्याची चिन्हे पाहू. आतील तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, की धोका सुरू झाला असे वैद्यकशास्त्र मानते. आरंभी जोराची हुडहुडी भरते. पुढे बोटांतून वस्तू निसटतात, पाय अडखळतो, जीभ जड होते आणि विचार मंदावतो. या स्थितीतील मनुष्य “मला काही झाले नाही, थोडे पडू द्या,” असे म्हणतो. सोबत्यांनी त्याचे बोलणे मुळीच मानू नये. भरलेली हुडहुडी मनुष्य ऊबेत न येताच थांबली, तर ते सुधारणेचे लक्षण नसून अधिक बिघाडाचे आहे. अशा रोग्यास वाऱ्यापासून आडोशास न्यावे, ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात लपेटावे, छाती व पोट आधी ऊबेत आणावे आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. त्याला हळुवारपणे हलवावे व शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत मिळवावी. देह थंड व निश्चल दिसतो म्हणून आशा सोडणेही बरोबर नाही. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालील प्रवाहात अडकलेल्या एका तरुण महिला डॉक्टरच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते; तरीही रुग्णालयातील दीर्घ प्रयत्नांनी ती वाचली व पुढे आपल्या व्यवसायात परतली.

हिमदंशाची कथा याहून जुनी आहे. थंडीत शरीर आतील अवयवांच्या रक्षणासाठी बोटांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे प्रथम झिणझिणतात, मग बधिर होतात, आणि त्वचा मेणासारखी फिकट व कठीण लागू लागते. सावळ्या वर्णाच्या त्वचेवर हा फिकटपणा पटकन लक्षात येत नाही, म्हणून बधिरपणा हेच मुख्य चिन्ह समजावे. १८१२ साली नेपोलियनची सेना मॉस्कोहून माघारी फिरली, तेव्हा तिचा शस्त्रवैद्य लारे याने पाहिले, की गोठलेले पाय शेकोटीपुढे धरणाऱ्या शिपायांचे पाय हमखास सडतात. त्याचे निरीक्षण अचूक होते. बधिर अवयवास भाजलेले कळत नाही आणि वितळलेला पाय दुसऱ्या दिवशीच्या कूचीत पुन्हा गोठला म्हणजे दुप्पट हानी होते. परंतु यावर त्याने सुचविलेला उपाय, म्हणजे बर्फाने चोळणे, चुकीचा होता आणि शतकाहून अधिक काळ तो पुस्तकांतून शिकविला गेला. बर्फ चोळल्याने इजा वाढते हे आता निश्चित झाले आहे. अवयव पुन्हा गोठण्याचा संभव नाही अशा ठिकाणी पोहोचल्यावर तो ३७ ते ३९ अंश उष्णतेच्या पाण्यात, कोपर बुडवून सोसेल इतक्याच कोमट पाण्यात, ठेवावा. चोळू नये, फोड फोडू नयेत आणि शेकोटीजवळ तर मुळीच धरू नये.

येथून विस्तवाच्या प्रकरणास आरंभ होतो. काश्मिरी हिवाळ्याचे खरे प्रतीक म्हणजे कांगडी. वेताने विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे व त्यात राखेने झाकलेले निखारे, अशी ती असते. चरार-ए-शरीफची कांगडी विणकामासाठी प्रसिद्ध आहे. फेरनच्या आत ही कांगडी धरून मनुष्य बाजारात हिंडतो, कचेरीत बसतो, गप्पा मारतो. अत्यल्प इंधनात एका माणसास पुरेशी ऊब देणारे असे स्वस्त साधन दुसरे क्वचितच सापडेल. परंतु गुणाबरोबर तिचा दोषही जुना आहे. वर्षानुवर्षे मांडीस व पोटास शेक लागून त्वचेवर जाळीदार काळसर डाग पडतात आणि कित्येकांस त्या जागी कर्करोग होतो. श्रीनगर येथे काम करणाऱ्या डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ सालीच या रोगाकडे लक्ष वेधले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी त्याचा विस्ताराने अभ्यास केला. आजही मांडीवर दीर्घकाळ न भरणारा व्रण दिसताच डॉक्टरास दाखविणे हेच शहाणपणाचे होय.

कांगडी पांघरुणात घेऊन झोपणे तर दुहेरी धोक्याचे आहे. आग लागण्याचा धोका सर्वांस दिसतो. दुसरा दिसत नाही. कोळसा भरपूर हवेत जळाला तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. परंतु हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांस चुरचुरत नाही व खोकलाही आणीत नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू सर्व शरीरभर नेला जातो, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मनुष्य श्वास घेत असतो, नाडी चालत असते, परंतु रक्ताच्या गाड्या आधीच भलत्या प्रवाशांनी भरून गेलेल्या असतात आणि मेंदूस प्राणवायू पोहोचत नाही.

येथेच सर्वांत घातक गैरसमज आहे. धूर येईनासा झाला, निखारे लाललाल फुलले, म्हणजे शेगडी आत आणण्यास हरकत नाही असे लोक मानतात. धूर आणि हा विषारी वायू या दोन निराळ्या वस्तू होत. धूर गेला तरी वायू निघतच असतो. उलट धूर नाकास सावध करतो, तो गेला म्हणजे पहारेकरी निघून गेल्यासारखे होते. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर मरणारे बहुसंख्य मजूर आगीने नव्हे तर या वायूने मरतात हेही त्याने दाखविले. माणसाच्या आधी चिमुकल्या कॅनरी पक्ष्यावर परिणाम होतो, म्हणून खाणीत तो पिंजरा नेण्याची त्याची सूचना ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत पाळली जात होती. याच हाल्डेनचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन हे १९५७ साली भारतात येऊन राहिले व भारताचे नागरिक झाले.

या वायूने किती सहज प्राण जातात, याचे दुःखद उदाहरण २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या गावी घडले. बर्फ पाहण्यास आलेल्या हजारो गाड्या एकाएकी झालेल्या जोरदार हिमवृष्टीत रस्त्यावर अडकल्या. लोकांनी काचा बंद केल्या व ऊबेसाठी इंजिने चालू ठेवली. सकाळपर्यंत २० हून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, गाड्यांतच मृतावस्थेत आढळली. त्यांपैकी कित्येकांचा जीव या वायूने गेला असे दिसून आले. बर्फाने गाडीची धूर सोडणारी नळी बुजली, की तोच वायू आत शिरतो. अशा प्रसंगी आधी ती नळी मोकळी करावी, इंजिन तासातून सुमारे दहा मिनिटेच चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी उघडी ठेवावी आणि गाडीतील सर्वांनी एकाच वेळी झोपू नये.

खोलीसाठीही नियम थोडेच आहेत. उघडी शेगडी, कांगडी किंवा चिमणी नसलेली गॅसची शेगडी झोपण्याच्या खोलीत रात्री ठेवू नये. काश्मिरात ‘बुखारी’ नावाची लोखंडी शेगडी असते. तिचा धूर नळीवाटे बाहेर जातो. ती नळी हिवाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी व तिचे सांधे तपासावे. थंडी अडविण्यासाठी खिडक्यांस प्लॅस्टिकचे कापड लावण्याची तेथे रीत आहे. तसे केले तरी हवेस येण्याजाण्याची एक वाट अवश्य राखावी. परक्या गावी उतरताना निवासातील ऊबेची व्यवस्था कशी आहे हे खोली घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. या वायूची सूचना देणारी लहान यंत्रे मिळतात. ज्या घरात काहीही जळते त्या घरात असे एक यंत्र असावे. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे होत. घरातील दोघातिघांस ती एकदमच जाणवली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर खाण्यातून बाधा झाली असे समजून पुन्हा आत जाऊन निजू नये. सर्वांस उघड्या हवेत आणावे व रुग्णालय गाठावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम सुमारे तासा-दीड तासात होते. म्हणून नुसते बरे वाटण्यावर विसंबू नये.

वृद्धांची काळजी निराळी घ्यावी लागते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो व हृदयावर भार पडतो. हृदयविकार असणाऱ्याने सकाळच्या कडाक्यात बर्फ उपसण्याचे किंवा जड सामान घेऊन चढण्याचे साहस करू नये. वृद्धांस गारठा लवकर जाणवतही नाही. म्हणून त्यांच्या खोलीचे तापमान त्यांच्या सांगण्यावर न सोडता मापकाने पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे सुचविले आहे. गोठलेल्या वाटेवर पावले आखूड टाकावी, हात खिशात घालू नयेत. लख्ख उन्हात ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. त्याने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना होते व दिसेनासे होते, यास्तव मुलांसही काळा चष्मा द्यावा.

बर्फाशी ज्यांचा कधीच संबंध येणार नाही, अशा घरांनी हा विषय दूरचा मानू नये. बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती व काही ठिकाणी अजून आहे. शहरांतून तर न्हाणीघरात बसविलेल्या गॅसच्या गीझरने, खिडकी बंद असल्यामुळे, धडधाकट तरुण माणसे आंघोळ करता करता गेल्याची वृत्ते येत असतात. वायू तोच, कारणही तेच. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेणे हे काम एका दिवसाचे आहे. गीझर अजून आतच असेल, तर पाणी बादलीत भरून घ्यावे, तो बंद करावा, खिडकी उघडावी आणि मगच आंघोळीस बसावे.

काश्मीर खोऱ्यातील जुनी माणसे चिल्ले कलानला भीत नाहीत. तिची तारीख त्यांस ठाऊक असते आणि तयारी आधीच झालेली असते. कोरडे वस्त्र, वाऱ्यास आडोसा, पोटात गरम अन्न आणि विस्तव असलेल्या खोलीत हवेस एक उघडी वाट, या चार गोष्टी ज्याने सांभाळल्या, त्यास हिमप्रदेशातील हिवाळ्यापासून भिण्याचे फारसे कारण नाही. त्यांतील चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत अधिक विसरली जाते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकदा उठून शेगडी बाहेर गेली की नाही आणि खिडकीची फट मोकळी आहे की नाही, एवढे पाहून मग निजावे.